आरव्हीने येलोस्टोन, ग्रँड टेटन आणि ग्लेशियर: चौघांना जमेल का? अनुभव हवेत

पार्लेकरीण
नमस्कार मंडळी. मी, नवरा आणि कॉलेजपासूनचे आमचे दोन मित्र असे चौघं मिळून अमेरिकेतल्या डोंगरातल्या नॅशनल पार्कांची रोड ट्रिप करायचं ठरवतोय, आणि ती आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊनच करायची असं सगळ्यांच्या मनात पक्कं आहे. मुलं आता मोठी झाली, कर्जं फिटत आली, गुडघे अजून शाबूत आहेत, तर आत्ताच जाऊ या असं झालंय. सुट्टी साधारण दोन आठवड्यांची मिळेल. प्लॅन असा की सॉल्ट लेक सिटीला उतरायचं, तिथून आरव्ही घ्यायची, ग्रँड टेटन, मग येलोस्टोन, मग वर ग्लेशियर आणि परत सॉल्ट लेक. मे महिन्यात जावं म्हणतोय, कारण दोघांना तेव्हाच सलग रजा मिळते.
प्रश्न असे: १) चौघांना किती फुटी गाडी पुरते? २) आपल्याकडे उजवीकडे बसून गाडी चालवणाऱ्याला एवढं मोठं धूड झेपतं का? ३) तिन्ही पार्क होतील का? ४) की आरव्हीचा नाद सोडून कार आणि हॉटेल करावं? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भटका_डोंबिवली
वाखू (वाचनखूण) साठवली. आमच्याही ग्रुपमध्ये हेच चाललंय.

डेन्वरवासी
मूळचा गिरगावातला, आता बरीच वर्षं कोलोरॅडोत आहे आणि हे तिन्ही पार्क आरव्हीने आणि कारने दोन्ही पद्धतीने केलेत म्हणून लिहितो.
ताई, पहिली गोष्ट, मे महिना विसरा. ग्लेशियरमधला गोइंग-टू-द-सन रोड, ज्याच्यासाठी सगळे तिथे जातात, तो लोगन पासवर ६,६४६ फुटांवर जातो आणि तिथला बर्फ काढून रस्ता पूर्ण उघडायला बहुतेक वर्षी जून संपतो, कधी जुलै उजाडतो. मे मध्ये खालचा थोडा भाग फिरता येईल, बाकी गेट बंद. येलोस्टोनचेही काही रस्ते मे च्या शेवटापर्यंत टप्प्याटप्प्याने उघडतात. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीचं गणित तिथे लागू होत नाही. सप्टेंबर घ्या. शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी उतरते, डास जातात, एल्क हरणांचे नर माद्यांसाठी ओरडत असतात आणि महिन्याच्या शेवटी टेटनमध्ये ॲस्पनची झाडं पिवळीधमक होतात. मात्र रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो हे धरून चाला.
दुसरी गोष्ट लांबीची. त्याच गोइंग-टू-द-सन रोडवर ॲव्हलांच कॅम्पग्राउंड ते रायझिंग सन या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब आणि आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. बंपरपासून बंपरपर्यंत मोजतात. १९३३ मध्ये सुरू झालेला रस्ता आहे, एका बाजूला कातळ डोक्यावर आलेला, दुसऱ्या बाजूला दरी. चौघांसाठी जी क्लास सी गाडी (ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली आरव्ही) मिळते ती २५ ते ३० फुटी असते, म्हणजे ती खाली उभी करून पार्कच्या शटलने जावं लागेल किंवा छोटी कार वेगळी घ्यावी लागेल.

सह्यमित्र
डेन्वरवासींच्या लांबीच्या मुद्द्याला +१. टेटनमध्ये मूस-विल्सन रोडवर पण आरव्हीला बंदी आहे आणि गुगल मॅप बिनदिक्कत तिकडून पाठवतो. येलोस्टोनमध्ये फायरहोल लेक ड्राइव्हवरही नेता येत नाही. तेव्हा नकाशा उघडायच्या आधी पार्कच्या साइटवर बंदी असलेले रस्ते लिहून घ्या.

मीनल_ठाणे
मी इथे थोडं विरुद्ध मत मांडते. आम्ही दोन कुटुंबं आरव्हीने गेलो होतो आणि पुढच्या वेळी मी कार आणि केबिनच घेईन. स्वस्त पडतं हा गैरसमज आहे. भाडं, त्यावर प्रत्येक मैलाचा आकार, जनरेटरच्या तासांचा आकार, बेडिंग आणि भांड्यांच्या किटचा आकार, विमा, आणि वर कॅम्पसाइटचं भाडं वेगळं. पेट्रोलचं तर विचारूच नका, क्लास सी गाडी गॅलनला ८ ते १० मैल देते, म्हणजे १,००० मैलांना १०० ते १२५ गॅलन. आपल्या हिशोबात लिटरला साडेतीन-चार किलोमीटर.
आणि सगळ्यात मोठा त्रास म्हणजे प्रत्येक वेळी घर बांधून निघायचं. सकाळी फक्त ओल्ड फेथफुल हा उसळणारा गरम पाण्याचा झरा (गीझर) बघायला जायचं तरी कप धुवा, कपाटांच्या कड्या लावा, पाण्याचा पाइप काढा, विजेची केबल गुंडाळा, बाहेर सरकवलेला गाडीचा भाग (स्लाइड) आत घ्या. कारवाले तोपर्यंत बघून परत आलेले असतात. दुपारी गीझरच्या पार्किंगमध्ये मोठ्या गाड्यांच्या जागा भरलेल्या असतात तो भाग वेगळाच.

अण्णा_दादर
मीनलताईंचा हिशोब बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट धरलेली नाही, ती म्हणजे तुम्ही झोपता कुठे. येलोस्टोन ८,९८३ चौरस किलोमीटरचं आहे. आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क १०४ च्या आसपास. आतला आठच्या आकड्यासारखा ग्रँड लूप रस्ताच १४२ मैल, कमाल वेग ४५ मैल, आणि मध्ये बायसन (गव्यासारखं धिप्पाड जनावर) रस्त्यावर येऊन उभा राहिला की सगळी वाहतूक त्याच्या मर्जीने. बाहेरच्या गावात हॉटेल घेतलं तर रोजचे काही तास नुसते आत-बाहेर करण्यात जातात. लांडगे बघायचे असतील तर उजाडायच्या आधी लामार व्हॅलीत पोचायला लागतं (१९९५-९६ मध्ये कॅनडातून आणून सोडलेत, त्यांचेच वंशज) आणि ते पार्कात झोपणाऱ्यालाच सुखाने जमतं. आतले लॉज महाग आणि लवकर भरणारे. तंबूत झोपायची आमच्या वयात इच्छा नाही. मग उरली आरव्ही. आम्ही चौघं साठीच्या पुढचे होतो, पहाटे हिटरच्या उबेत चहा करून खिडकीतून बाहेर बघत बसलो की समोर कुरणात धुकं आणि त्यात बायसनचा कळप, हे कोणत्या हॉटेलात मिळणार होतं?

बोरिवलीचा_बिबट्या
अण्णा, आमच्या पार्काला लहान म्हणू नका हो, शहराच्या मध्ये इतके बिबटे सांभाळणारं दुसरं कुठे आहे सांगा 😀

अण्णा_दादर
लहान नाही म्हटलं रे बाबा, क्षेत्रफळ सांगितलं. कान्हेरीला दर पावसाळ्यात जातो मी.

तांबडा_रस्सा
इतक्या लांब कशाला जायचं? महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, आता आपल्याकडेही भाड्याने कॅम्परव्हॅन मिळतात. भंडारदरा, ताडोबा, तोरणमाळ करा की.

भटका_डोंबिवली
@तांबडा_रस्सा, कोकणात केलंय आम्ही कॅम्परव्हॅनने, मजा आली पण रात्री गाडी लावायची कुठे आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायची कुठे हा प्रश्न रोज संध्याकाळी. शेवटी ओळखीच्यांच्या अंगणात लावली. तिकडे ती सोय जागोजागी आहे, फरक तिथे पडतो. वेगळा धागा काढा या विषयावर, हवाच आहे.

पार्लेकरीण
सगळ्यांचे खूप आभार, एका रात्रीत इतकं मिळेल वाटलं नव्हतं. मे चं कळलं, आम्ही सप्टेंबरसाठी रजा मागतोय. टाकीचा विषय निघालाच आहे तर विचारते, ते नक्की कसं असतं? आमच्यातला एक मित्र म्हणतोय मी ते करणार नाही, दुसरा म्हणतो पाळी लावू.

सह्यमित्र
पाळी लावा, नक्की लावा. वाटतं तितकं घाण नाही, नीट केलं तर दहा-पंधरा मिनिटांचं काम. तीन टाक्या असतात: फ्रेश म्हणजे वापरायचं पाणी, ग्रे म्हणजे बेसिन आणि शॉवरचं, ब्लॅक म्हणजे संडासाची. डम्प स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, गाडी लावायची, हातमोजे घालायचे, जाड पाइप गाडीच्या तोंडाला फिरवून घट्ट बसवायचा आणि दुसरं टोक जमिनीतल्या भोकात. आधी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडायचा, तो पूर्ण रिकामा झाला की बंद करून मग ग्रेचा उघडायचा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. उलट करू नका.
कॅम्पसाइटवर सीवरचं (सांडपाण्याच्या गटाराचं) कनेक्शन असलं तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून देऊ नका, पाणी वाहून जातं आणि घट्ट माल खाली साचून बसतो. टाकी बरीच भरल्यावरच एकदम सोडायची. आणि टॉयलेट पेपर आरव्हीचा विरघळणारा वेगळा मिळतो तोच वापरा. ग्रे पाणीसुद्धा जमिनीवर सोडायचं नाही, पार्कात ते बेकायदा आहे आणि वासाने अस्वलं येतात.

मीनल_ठाणे
टाकीचं काम माझा नवरा करायचा आणि बाकीचे लांब उभे राहून सूचना द्यायचे. ट्रिप संपेपर्यंत यावरून दोन घरांत अबोला होता. खरंच सांगते, निघायच्या आधी कामं वाटून कागदावर लिहा. गाडी कोण चालवणार, मागे कोण उतरून बघणार, भांडी कोण, डम्प कोण, पैशांचा हिशोब कोण. मैत्री जुनी आहे म्हणून आपोआप होईल असं धरू नका, बंद जागेत बारीकसारीक गोष्टी फार टोचतात.

डेन्वरवासी
मीनलताईंचा हा मुद्दा सोन्यासारखा आहे.
आता गाडी चालवण्याबद्दल. बहुतेक राज्यांत भाड्याच्या आरव्हीला साधं कारचं लायसन्स चालतं, सोबत आपल्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, एक वर्ष चालतं. डाव्या बाजूला बसून उजवीकडून चालवायची सवय अर्ध्या दिवसात होते. त्रास होतो तो तीन गोष्टींचा.
एक, मागचं शेपूट. मागच्या चाकांच्या मागे बरीच गाडी बाहेर असते, तुम्ही डावीकडे वळलात की ते उजवीकडे फेकलं जातं आणि पेट्रोल पंपाच्या खांबाला लागतं. पंपावर, पार्किंगमध्ये एकाने खाली उतरून बघायचंच. दोन, उंची. ११-१२ फूट असते, फूट-इंचात कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, कारण तिकडच्या पाट्या फुटांत असतात. बऱ्याच करारांत छपराचं नुकसान विम्यात धरत नाहीत, सही करायच्या आधी ती ओळ शोधून वाचा. तीन, उतार.

अण्णा_दादर
उताराचं मी सांगतो, बोरघाटात आणि कसाऱ्यात आयुष्य गेलंय. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा हे आपल्याकडचा प्रत्येक ट्रकवाला सांगतो, तेच तिथे. गाडी ऑटोमॅटिक असली तरी टो-हॉल मोड किंवा खालचा गिअर असतो, तो उतार सुरू व्हायच्या आधी लावायचा, इंजिन ओरडतं तर ओरडू द्यायचं. ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर पाच-सहा टन वजन ब्रेक तापवून निकामी करतं. मागे गाड्यांची रांग लागली तर टर्नआउट असतात, बाजूला घेऊन सगळ्यांना पुढे सोडा.

गोरेगावची_गौरी
खाण्याचं कोणी लिहिलंच नाही! आम्ही सगळं घरीच शिजवून खाल्लं म्हणजे गाडीतच. पण येलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या आरव्ही तळावर तळ्याच्या काठी ७,७०० फुटांवर पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणा दाणा वेगळा. भातसुद्धा कच्चट. छोटा कुकर न्या, तीन लिटरचा, सगळे प्रश्न मिटतात.
फोडणी देताना छताचा पंखा आधी चालू करा आणि खिडकी उघडा. मोहरी तडतडली, हिंग-मिरची पडली की धुराचा अलार्म असा कोकलतो की शेजारचे बाहेर येतात. आमचे शेजारी एक आजी-आजोबा होते, आले ते वास घेऊन विचारायलाच, मग त्यांना थालीपीठ दिलं आणि त्यांनी आम्हाला कुठल्या वळणावर ग्रिझली (तिकडचं तपकिरी अस्वल) दिसते ते सांगितलं.
झोपायच्या आधी बाहेर काही ठेवायचं नाही, कूलर नाही, भांडं नाही, टूथपेस्टसुद्धा नाही. फिशिंग ब्रिजला तर ग्रिझलींमुळे तंबूला परवानगीच नाही, फक्त कडक भिंतींच्या गाड्या. येलोस्टोनच्या आत पाणी, वीज आणि सीवर असं पूर्ण कनेक्शन देणारी तेवढी एकच जागा आहे, म्हणून बुकिंग जितकं आधी जमेल तितकं आधी करा.

भटका_डोंबिवली
गौरीताई, थालीपिठाच्या बदल्यात ग्रिझलीचा पत्ता! हा सौदा मला चालेल.

सह्यमित्र
अस्वलांचं गंमतीत नेऊ नका एवढीच विनंती. अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, बायसन आणि एल्कपासून २५ यार्ड हा नियम आहे. लोकांना अस्वलाची भीती वाटते आणि बायसनच्या शेजारी जाऊन सेल्फी काढतात, तो गाईसारखा शांत चरत असतो आणि माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो. चालायला जाणार असाल तर बेअर स्प्रे (अस्वलाला पळवणारा तिखट फवारा) तिथे पोचल्यावर विकत घ्या, विमानात चेक-इनमध्येही चालत नाही. आणि गरम झऱ्यांपाशी लाकडी वाटेवरून पाय खाली ठेवायचा नाही, वरचा थर पापडासारखा पातळ आणि खाली उकळतं पाणी असतं. ग्रँड प्रिझमॅटिक या गरम झऱ्याचे रंग बघताना भान राहत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

मीनल_ठाणे
फीचंही बघून घ्या. २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या लोकांना वार्षिक पास २५० डॉलरला आहे, आणि पास नसेल तर येलोस्टोन, ग्रँड टेटन, ग्लेशियर धरून अकरा पार्कांत नेहमीच्या प्रवेश फीवर १६ वर्षांवरच्या प्रत्येकी १०० डॉलर जास्त. बजेटमध्ये आधीच धरा.

तांबडा_रस्सा
अवांतर: कॅनडाचा कोणी विचार केलाय का? बॅन्फ ते जॅस्पर?

डेन्वरवासी
केलंय. आइसफील्ड्स पार्कवे, लेक लुईस ते जॅस्पर २३२ किलोमीटर, मोठ्या आरव्हीला सोपा, रुंद रस्ता, आणि दर वळणावर हिमनदी. नवशिक्या आरव्हीवाल्यांना मी खरं तर तोच आधी सुचवतो. फक्त मोरेन लेकला २०२३ पासून खाजगी गाड्या बंद आहेत, शटलने जावं लागतं, आणि जॅस्परला २०२४ च्या वणव्यात गावाचा बराच भाग जळला. व्हिसा वेगळा लागेल.

पार्लेकरीण
कॅनडा पुढच्या वेळी, आधी बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाची अपॉइंटमेंट तर मिळू दे. मूळ प्रश्नाकडे येते, तिन्ही पार्क होतील का? डेन्वरवासी, तुम्ही याचं उत्तर दिलं नाहीत.

डेन्वरवासी
मुद्दाम थांबलो होतो, बाकीच्यांचं येऊ दे म्हणून.
होतील, पण करू नका. वेस्ट येलोस्टोनहून वेस्ट ग्लेशियर सहाशे किलोमीटरहून जास्त आहे, कारने एक लांबलचक दिवस, आरव्हीने दीड धरा, आणि तेवढंच आणि त्याहून जास्त परत. शिवाय तिथे पोचून मुख्य रस्त्यावर तुमची गाडी जाणारच नाही. म्हणजे ज्या पार्कासाठी सगळ्यात जास्त पेट्रोल जाळलं तिथेच आरव्हीचा उपयोग सगळ्यात कमी. याउलट टेटन आणि येलोस्टोन एकमेकांना लागून आहेत, मध्ये फक्त रॉकफेलर पार्कवेचा छोटा पट्टा. टेटनला कोल्टर बे मध्ये पूर्ण कनेक्शनची जागा मिळते, येलोस्टोनला फिशिंग ब्रिज. दोन ठिकाणी तळ ठोकून प्रत्येकी बरेच दिवस राहा. मीनलताईंची घर बांधून निघायची तक्रार रोज मुक्काम हलवणाऱ्यांची आहे. एकाच जागी राहिलात की एक दिवस फिरायचं, एक दिवस गाडी हलवायचीच नाही, तळ्याकाठी चालायचं, असं करता येतं. आरव्ही घेऊन धावत सुटणं यात पैसेही जातात आणि मजाही.

मीनल_ठाणे
हे मान्य. आम्ही रोज नवीन जागी होतो. असं राहायला मिळालं असतं तर माझं मत कदाचित वेगळं असतं. तरी चौघं असाल आणि बजेटमध्ये बसत असेल तर काही दिवस छोटी कारही घ्या, दोघं चालवणारे आहात तर एक पुढे एक मागे.

अण्णा_दादर
ग्लेशियर सोडायला जिवावर येईल, पण डेन्वरवासींशी शंभर टक्के सहमत. १८७२ मध्ये जगातलं पहिलं नॅशनल पार्क म्हणून जाहीर झालेली जागा आहे ती, तिला दोन रात्रीत उरकू नका.

पार्लेकरीण
काल रात्री चौघं व्हिडिओ कॉलवर बसलो. ग्लेशियरवरून बरीच वादावादी झाली, एक मित्र रुसला, पण शेवटी त्यालाच रस्त्यांची बंदी आणि अंतरं वाचायला दिली तेव्हा तयार झाला. ठरलं असं: सप्टेंबरचा मध्य, फक्त टेटन आणि येलोस्टोन, क्लास सी २५ फुटी, कोल्टर बे आणि फिशिंग ब्रिज दोन तळ, ग्लेशियर नंतर कधीतरी कारने. कामं कागदावर लिहिली, डम्प पाळीपाळीने, जो कुरकुर करेल त्याला लागोपाठ दोन पाळ्या. गाडी नवरा आणि मी चालवणार. मुलुंडला एका ओळखीच्यांची मोठी टेम्पो ट्रॅव्हलर आहे, ती रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात घेऊन शेपूट सांभाळायचा सराव करणार आहोत.
मीनलताई, गौरीताई, अण्णा, डेन्वरवासी, सह्यमित्र, मनापासून आभार. एकच शेवटचं, गौरीताई, कुकर विमानात कसा नेला? आणि डाळ-तांदूळ इथून?

गोरेगावची_गौरी
कुकर चेक-इनच्या बॅगेत. शिट्टी आणि गास्केट काढून मोज्यांत गुंडाळा आणि कुकरच्या आतच भरा, एक जास्तीचं गास्केट पण टाका, तिकडे त्या मापाचं मिळत नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला सीलबंद पाकिटात न्या आणि कस्टम्सच्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ लिहा. डाळ-तांदूळ मात्र सॉल्ट लेकच्या इंडियन दुकानातच घ्या, गाडी ताब्यात घ्यायच्या आधी, म्हणजे एवढं मोठं वाहन घेऊन गावातल्या पार्किंगमध्ये शिरावं लागणार नाही.